विहिरीतल्या पाणबुडीत वायर नेताना: प्रकल्प नोंदी

१२ जानेवारी २०२५, रविवार

तासगावजवळ दादाची द्राक्षबाग आहे. तिथली विहीर ६० फूट खोल, सध्या पाणी ४० फूट, एप्रिलपर्यंत ते २५ फूटच उरतं. तळाशी ओपनवेल मोटर. तिची जाळी पाल्यानं, प्लास्टिकनं तुंबली की पाणी कमी पडायला लागतं. मग मोटर साखळीपुलीनं ओढायच्या आधी कुणीतरी दगड धरून बुडी मारतं आणि खाली काय आहे ते बघून येतं. गेल्या मे महिन्यात बुडी मारलेल्या माणसाला वर यायला उशीर झाला. तो सुखरूप आला, पण तोवर काठावर कुणाच्या तोंडून शब्द फुटला नव्हता. त्या पाण्यात पुन्हा माणूस उतरू नये, एवढ्यासाठी ही कॅमेऱ्याची, काठावरून केबलनं चालवायची छोटी पाणबुडी.

सामान ठरलं. ११० मिलिमीटरचा जाड पीव्हीसी पाइप, लांबी ७० सेंटिमीटर. पुढे १० मिलिमीटरचं ॲक्रिलिक, मागे २० मिलिमीटरचं डेलरिन या कडक प्लास्टिकचं झाकण. नायलॉन स्वस्त पडत होतं, पण ते पाणी पितं आणि फुगतं. ओ-रिंगची, म्हणजे पाणी अडवणाऱ्या रबरी कड्याची, खाच फुगून कशी चालेल?

भाच्यानं हिशेब केला. १० मीटर पाणी म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला १ किलो दाब. ४० फूट म्हणजे १२ मीटर, १.२ किलो. झाकणाचं क्षेत्रफळ ९५ चौरस सेंटिमीटर, म्हणजे झाकणावर ११४ किलो. "आत्या, क्विंटलाहून जास्त गहू झाला की झाकणावर!" झाकण तेवढं पेलेल. माझी काळजी वायरींची आहे.

१९ जानेवारी

आत-बाहेर जाणाऱ्या वायरी मोजल्या. पाणबुडी ढकलणाऱ्या तीन ब्रशलेस मोटरी, प्रत्येकी ३ तारा, झाल्या ९. काठावरून येणारी केबल ८ तारांची. दिवा २, चार्जिंग २, चालू-बंद बटण २. एकूण २३.

हे फार झालं. प्रत्येक तार म्हणजे पाण्याला एक वाट, म्हणून आज दिवसभर काटछाट केली.

बटण गेलं. आत रीड स्विच, बाहेरून लोहचुंबक लावला की चालू. रीडच्या पात्यांतून अर्ध्या अँपिअरच्या वर प्रवाह नेऊ नये, म्हणून तो फक्त रिले (छोट्या प्रवाहानं चालणारा मोठा स्विच) ओढतो, मोठा प्रवाह रिलेतून जातो. इथे भोकच नाही.

दिवा ॲक्रिलिकच्या आतच ठेवला. त्याचा उजेड काचेवरून उलटा कॅमेऱ्यात येतो, म्हणून कॅमेऱ्याभोवती काळ्या फोमचं कडं काचेला टेकवून बसवलं.

हुकूम पाठवायला आरएस-४८५ ही लांबवर संदेश नेणारी पद्धत, तिला तारांची एकच पिळलेली जोडी पुरते. कॅमेऱ्याचं चित्र दुसऱ्या जोडीवरून, दोन्ही टोकांना सीसीटीव्हीवाले लावतात तो बलून (चित्राचा सिग्नल तारांच्या जोडीवर चढवणारा छोटा जोड) लावून. केबलमधल्या उरलेल्या दोन जोड्या तूर्त रिकाम्या. चार्जिंगचे दोन पितळी स्क्रू मात्र झाकणात ठेवलेत.

२ फेब्रुवारी

पहिली पद्धत साधी होती. केबलला बाजारातली प्लास्टिकची ग्लँड (केबल आवळून धरणारा जोड), मोटरींच्या वायरी झाकणातल्या भोकांतून ओवून वरून एपॉक्सी, म्हणजे दोन भाग मिसळून घट्ट होणारा डिंक. पिंपात रात्रभर ठेवलं, कोरडं निघालं. आज विहिरीत ५ मीटरवर अर्धा तास सोडलं. वर काढून उघडलं तर तळाशी दोन चमचे पाणी.

ग्लँडला आतून टिश्यू लावलेला होता, तो कोरडा. ओ-रिंगच्या कडेचा कोरडा. एपॉक्सीच्या भोवतीचाही कोरडा. मग भाच्यानं पाइपात टॉर्च मारला आणि हाक मारली. मोटरीची एक वायर सर्किटपासून सुटी होती. तिच्या सोललेल्या टोकाला तांब्याच्या तारांच्या जुडग्यातून पाण्याचा एक मणी हळूहळू फुगत होता. ज्वारीच्या दाण्याएवढा झाला, गळून पडला, आणि त्या जागी दुसरा धरायला लागला. पाणबुडी काठावर आणून दहा मिनिटं झाली होती, तरी वायरीत साठलेलं पाणी येतच होतं.

चार्जिंगच्या स्क्रूंचंही वाईट दिसलं. बॅटरीला जोडलेलेच राहिले होते. धन टोकाचा स्क्रू पांढुरक्या-हिरव्या थरानं भरलेला, आणि थर खरवडला तर खाली पितळेचा पिवळा रंग जाऊन तांब्यासारखा गुलाबी झालेला. पितळेतलं जस्त पाण्यात निघून गेलं. एवढ्या एका बुडीत. उघड्या धातूवर वीज ठेवून पाण्यात उतरायचं नाही.

५ फेब्रुवारी, बुधवार

संध्याकाळी माधवनगर रोडला मोटर रिवायंडिंगवाल्या काकांकडे गेले. चाळीस वर्षं पाण्यातल्या मोटरी भरतात. वायरीच्या टोकाचा मणी त्यांना सांगितला. त्यांनी हातातलं काम थांबवलं नाही.

"ताई, पाणी भोकातनं येत न्हाई, वायरीतनं येतंय. वायर म्हंजी नळीच की ती."

मग वायरीचा एक तुकडा कापून त्यांनी तोंड भिंगाखाली धरलं. गोल तारा एकमेकींना चिकटून बसल्या तरी मध्ये फटी राहतातच, आणि तारांचं जुडगं व वरचं रबर यांच्यातही. लांबच्या लांब बारीक नळ्या. पाण्याला मोटरीजवळच्या जोडापाशी शिरायला जागा मिळाली की वायरीच्या पोटातून ते सरळ झाकणाच्या आत. बाहेरून कितीही एपॉक्सी थापा, ती वायरीच्या सालीला धरते. साल आणि तांबं यांच्यामधली वाट मोकळीच.

पुढे त्यांनी एक जुनी सबमर्सिबल उघडून दाखवली. मला इतकी वर्षं वाटायचं की तिच्या आत पाणी जाऊच नये अशी सोय असते. ती पाणी भरूनच खाली सोडतात! वायंडिंगच्या तारेवर पाण्यात चालणारं आवरण असतं, सगळं वायंडिंग पाण्यात बुडालेलं. "आत पण पाणी, भाईर पण पाणी. ढकलायचं कुणी?" दोन्हीकडे दाब सारखा असला की सीलला झुंजायला काही उरत नाही.

आमच्या ब्रशलेस मोटरीही तशाच उघड्या आहेत, पाणी आतून खेळतं, तारेवर इनॅमलचा पातळ लेप आहे. तेव्हा मोटरींची चिंता नाही. कोरडं ठेवायचंय ते फक्त पाइपाचं पोट, आणि ते राखायचं झाकणापाशी.

निघताना काकांनी १८ गेजच्या सुपर इनॅमल तारेचं वेटोळं हातात दिलं. जाडी सव्वा मिलिमीटरच्या आसपास, एकसंध तांबं, आत फट नाही, आणि इनॅमलला एपॉक्सी धरते. "झाकणातनं हीच घाला. तुमची मऊ वायर भाईर ऱ्हाऊ दे." पैसे घेतले नाहीत.

९ फेब्रुवारी

जुनं झाकण फोडून पाहिलं. मोटरींच्या वायरींवर सिलिकॉनचं आवरण आहे, हे मी विकत घेतानाच वाचलं होतं, पण त्याचा अर्थ आज कळला. एपॉक्सीचा गट्टा पकडीत धरून वायर ओढली तर शेंगेतून दाणा निघावा तशी निघून आली, मागे गुळगुळीत भोक. सिलिकॉनला एपॉक्सी धरतच नाही. पॉलिथिनचंही तेच, टेफ्लॉनचंही. पीव्हीसीला जेमतेम धरते, घासून खरखरीत केलं तर थोडी बरी.

म्हणजे पाण्याला दोन वाटा होत्या, वायरीच्या पोटातून एक आणि वायरीच्या अंगावरून एक.

१६ फेब्रुवारी

कुपवाड एमआयडीसीत लेथवाल्या अण्णांकडून पितळेचे पाच पोकळ बोल्ट करून घेतले. बाहेरून १२ मिलिमीटरचे आटे, आत ७ मिलिमीटरचं आरपार भोक. भोकाला आतून मुद्दाम आटे पाडून घेतले, म्हणजे एपॉक्सीचा गट्टा दाबानं सरकणार नाही. डोक्याच्या खालच्या बाजूला ओ-रिंगची खाच. डोकं बाहेर, नट आत. पाण्याचा दाब डोक्याला झाकणाकडेच ढकलतो.

खाचेच्या खोलीवरून अण्णांशी बराच वेळ बोलणं झालं. ओ-रिंगची जाडी २.५ मिलिमीटर, खाच मी १.९५ ची सांगितली. अण्णा म्हणाले, अजून खोल घेतो, म्हणजे रिंग छान बसेल. पण रिंग छान बसून उपयोग नाही, ती दबली पाहिजे. १.९५ खोलीला ती पाचव्या हिश्शाहून थोडी जास्त दबते, तेवढं हवं. उलट रुंदीला मात्र मोकळीक ठेवायची, कारण रबर दबतं म्हणजे आकार बदलतं, आकारमानानं कमी होत नाही. त्याला पसरायला जागा लागते. हे ऐकल्यावर अण्णांनी सगळ्या खाचा पुन्हा मायक्रोमीटर लावून तपासून दिल्या.

भाच्यानं विचारलं, एका बोल्टच्या भोकावर दाब किती? ७ मिलिमीटरचं भोक, १.२ किलोचा दाब. अर्धा किलोसुद्धा होत नाही. मग त्यानं 'मत्स्य ६०००' चा हिशेब मांडला. चेन्नईच्या राष्ट्रीय महासागर तंत्रज्ञान संस्थेची ती तीन माणसांची पाणबुडी ६,००० मीटरसाठी आहे, माणसं बसतात तो टायटॅनियमचा गोळा आतून २.१ मीटर व्यासाचा. तिथे दाब आपल्या हवेच्या सुमारे ६०० पट. तेवढ्याच भोकावर २३० किलो. त्याला रात्री झोप लागली नसेल.

२३ फेब्रुवारी

एपॉक्सी ओतायचा दिवस.

मोटरींचे तीन बोल्ट सोपे गेले. प्रत्येकात इनॅमल तारेचे तीन तुकडे, बोल्टच्या भिंतीला आणि एकमेकींना शिवू नयेत म्हणून दोन्ही तोंडांना जाड पुठ्ठ्याच्या चकत्या. तार बाहेर दोनच सेंटिमीटर ठेवली. इनॅमल तार पुन्हा पुन्हा वाकवली तर तुटते, म्हणून हलायचं काम मऊ वायरीनं करायचं, हिनं नाही.

काठावरच्या केबलला वेळ लागला, कारण ती मुळातच मऊ, बारीक तारांच्या जुडग्यांची आहे. तिचं बाहेरचं कव्हर बोल्टच्या तोंडाशीच संपवलं. आतल्या आठही तारा सुट्या केल्या. प्रत्येकीचं आवरण मधेच १० मिलिमीटर सोलून खिडकी केली आणि उघड्या तांब्यात कथील इतकं पाजलं की जुडगं सळईसारखं एकसंध झालं. खिडक्या एकाखाली एक येऊ दिल्या नाहीत, मागेपुढे ठेवल्या, नाहीतर शेजारच्या तारा आतच भिडायच्या. आता केबल कुठेही चिरली आणि पाणी आत शिरलं तरी ते या कथलापाशी थांबेल, आणि कथलाभोवती एपॉक्सी थेट धातूला धरेल. एका खिडकीला मला सव्वा तास लागला, शेवटच्या दोन भाच्यानं माझ्याहून नीट केल्या.

पाच मिनिटांत सुकणारी एपॉक्सी घेतली नाही, ती पाण्यात राहून मऊ पडते. सावकाश सुकणारी घेतली, सोनाराच्या छोट्या काट्यावर दोन्ही भाग तोलून. डोळ्यांच्या अंदाजानं मिसळायचं नाही. बाटली गरम पाण्यात ठेवून पातळ केली, इंजेक्शनच्या सिरिंजनं बोल्टच्या तळापासून वर भरत आणली, म्हणजे हवा वर निघून जाते. वरून ओतली की बुडबुडा खाली अडकतो, आणि तो दिसत नाही.

पाचवा बोल्ट रिकामा ठेवलाय, हवा ओढून बघायला.

चार्जिंग कायमचं बाहेर गेलं. मी शिशाची सीलबंद बॅटरी आत ठेवून झाकण लावून चार्ज करणार होते. जास्त चार्ज झाली तर ती हायड्रोजन सोडते, हवेत तो ४ टक्के झाला की पेट घेऊ शकतो, आणि आत रिलेची ठिणगी. झाकण उघडून, बॅटरी बाहेर काढूनच चार्ज करायची. पितळी स्क्रूंची दोन्ही भोकं बुजवली.

२ मार्च

सर्किट सोडवून ठेवलं आणि काकांचा ५०० व्होल्टचा मेगर (वायरीचं आवरण वीज गळू देतं का ते तपासायचं यंत्र) लावला. मीठ घातलेल्या पाण्याच्या बादलीत बोल्टांची डोकी बुडवून प्रत्येक तार आणि पाणी यांच्यामधला रोध मोजला. जुनी सिलिकॉन वायर रात्रभर भिजल्यावर ०.३ मेगाओहम दाखवत होती. नव्या सगळ्या तारांवर काटा २०० च्या टोकाला. १७ तारा, प्रत्येक वेळी भाचा श्वास रोखून बघत होता.

मग फ्रिज मेकॅनिककडचा व्हॅक्युम पंप आणला. आतली हवा ओढली की बाहेरची हवा सगळ्या सीलना आत ढकलते, म्हणजे पाण्यात ढकलेल त्याच दिशेनं. आत हवा भरून साबणाचे फुगे बघायची पद्धत इथे उलटी पडते. शिवाय दाबलेली हवा भरलेला पीव्हीसी पाइप फुटला तर तुकडे अंगात घुसतात. तसं कुणी करू नये.

व्हॅक्युमच्या काट्यावर १५ इंच (पाऱ्याचे) आल्यावर पंप बंद केला, साधारण ५ मीटर पाण्याइतका ताण. १५ मिनिटांत काटा ११ वर. बोल्ट एकेक काढून पाहिले. तिसऱ्या बोल्टखाली डेलरिनवर नखाला जेमतेम लागेल असा एक ओरखडा, रिंगला आडवा गेलेला. लेथच्या टूलच्या गोल रेघा चालतात, त्या रिंगबरोबर फिरतात. आडवी रेघ म्हणजे रिंगखालून काढलेला पाट. १,००० नंबरच्या पॉलिश पेपरनं गोल गोल घासून घालवला, रिंगला ग्रीस लावून परत बसवलं. १५ वर पुन्हा ओढलं. अर्ध्या तासानंतरही १५.

९ मार्च

दादाकडे द्राक्षांची काढणी चालू, भाचा तिकडे. एकटीनंच दाब दिला. झाकण लोखंडी पाइपाच्या तुकड्यावर फ्लँजनं आवळलं, बोल्टांची डोकी आतल्या पाण्यात, प्लंबरचा टेस्टिंग पंप मारून २.५ किलो. म्हणजे लागतो त्याच्या दुप्पट. एक तास. झाकणाच्या कोरड्या बाजूला थेंब नाही.

१८ मार्च, मंगळवार

रात्री पिंपातून काढली आणि काच आतून घामेजलेली. तळाला चार थेंब. भाचा रडवेला झाला, मलाही हातपाय गळाल्यासारखं वाटलं. पण व्हॅक्युम तर धरून आहे!

दुपारच्या दमट हवेत झाकण लावलं होतं. तीच हवा गार पाण्यात गेल्यावर तिच्यातली वाफ काचेवर दव होऊन बसली असेल का? दव की गळती, हे ठरवायचं कसं?

उत्तर वहिनींच्या ओट्यावर सापडलं. सांगलीत हळदीला काय तोटा. शाळेतला प्रयोग: हळदीचा डाग साबणानं लाल होतो. टीपकागदाच्या पट्ट्या हळद आणि स्पिरिटमध्ये बुडवून वाळवल्या, प्रत्येक बोल्टखाली आणि पाइपाच्या तळाला एकेक चिकटवली. पिंपाच्या पाण्यात धुण्याचा सोडा दोन मुठी. बाहेरचं पाणी आलं तर पट्टी लाल, दव असेल तर पिवळीच.

सकाळपर्यंत ठेवली. काच घामेजलेली, तळाची पट्टी ओली, आणि रंग पिवळा. सगळ्या पट्ट्या वहीत चिकटवून ठेवल्यात. सिलिका जेलच्या चार पुड्या आत टाकल्यावर दवही थांबलं.

विहिरीत सोडा टाकता येत नाही, तेव्हा तिथे हळद उपयोगाची नाही. तिथे आत वेगळं काहीतरी बोलायला हवं. पाइपात हवेच्या दाबाचा सेन्सर बसवला, तो तापमानही सांगतो. दोन्ही आकडे आरएस-४८५ वरून दर सेकंदाला काठावर येतात.

६ एप्रिल

बागेत पहिली फेरी, पाण्यात अर्धाच मीटर. पाणबुडी तासभर उन्हात पडून होती, पाइपाला हात लावला तर चटका. पाण्यात सोडल्याबरोबर आतला दाब घसरताना पडद्यावर दिसला. हवा १५ अंशांनी गार झाली की आतला दाब अर्धा मीटर पाण्याइतका कमी होतो. म्हणजे पाणबुडी स्वतःच पाणी ओढायला बघते, आणि तेही पृष्ठभागाजवळ, जिथे ओ-रिंगा अजून नीट दाबून बसलेल्या नसतात. खोलवर त्या उलट जास्त घट्ट बसतात. झाकणाच्या कडेला अगदी बारीक ओल आली होती.

यापुढे पाणबुडी झाडाखाली ओल्या पोत्यात ठेवायची, आणि सोडण्याआधी १० इंच व्हॅक्युम ओढून पाचवा बोल्ट बंद करायचा. रिंगा काठावरच बसून येतील.

केबलला ताण बसू नये म्हणून शेजारी नायलॉनची दोरी बांधली. वजन दोरीनं घ्यायचं, केबल कायम सैल.

१३ एप्रिल

सकाळी ८ ला बागेत. पाणी २६ फूट. दादा, वहिनी, भाचा, आणि काकाही आले, दुकान बंद ठेवून.

सावलीत आतला दाब ६१० मिलिबार, तापमान ३५. दोरी हळूहळू सोडली. ३ मीटरवर कपारीतले मासे दिसले. ५ मीटरनंतर हिरवट अंधार, दिवा लावला. तापमान २८ वर स्थिरावलं आणि दाब ५९६ वर. वहीत भागाकार केला, तापमानाच्या घटीनं बरोबर तेवढाच उतरायला हवा.

साडेसात मीटरवर मोटर दिसली. जाळीवर खताच्या पोत्याचं प्लास्टिक गुंडाळलेलं, एक टोक मोटरीखालच्या दगडात अडकलेलं. दादा पडद्याकडे वाकला, "ते तिथं अडकलंय व्हय, म्हणून मागल्या वर्षी वर येत न्हवती." वहिनींनी त्या टोकाकडे बोट दाखवून साखळी कुठल्या बाजूनं ओढायची ते सांगितलं.

४० मिनिटं खाली ठेवली. ५९६. काका मधूनमधून फक्त आकडा विचारत होते.

वर काढून लिंबाखाली ठेवली, तापमान ३५ होईपर्यंत कुणीही झाकणाला हात लावला नाही. दाब ६१०. काकांनी मेगर लावला, सगळ्या तारा २०० च्या टोकाला. दादा तोवर साखळीपुली आणायला गेला होता.